बँकेतलं काम जातंय, पण कुठे?

सांगली जिल्ह्यातल्या एका नागरी सहकारी बँकेत क्लार्क असलेल्या एका मुलीने तीन प्रश्न विचारले आहेत. तिच्या शाखेत स्लिपा कमी झाल्यात, पासबुक मशीनच छापून देतं आणि शाखाधिकारी रोज सांगतात की लोकांना ॲपवर वळवा, काउंटरला गर्दी नको. मुख्य कार्यालयात आता एआयची बोलणी चालू आहेत. नोकरी टिकेल का, लोकांना ॲप शिकवून आपण स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतोय का, आणि एका क्लासचा एआयचा महागडा कोर्स कर्ज काढून करावा का, असं तिला विचारायचं आहे.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत ऐंशीच्या दशकात क्लार्क म्हणून लागले, पुढे संगणक विभागात गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. हाताने लिहायची लेजरं म्हणजे खात्यांच्या वह्या, त्या नोंदी करणारी लेजर पोस्टिंग मशीन, शाखांचं संगणकीकरण, सगळ्या शाखा एका प्रणालीला जोडणारं कोअर बँकिंग, मोबाइल हे सगळे टप्पे आतून पाहिले. म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. तुम्ही आज जे काम करता त्यातलं बरंचसं तुमच्या टेबलावरून जाईल. पण बँकेतलं काम नाहीसं झालेलं मी कधी पाहिलेलं नाही. ते उठून दुसरीकडे जातं. कधी दुसऱ्या शहरातल्या केंद्राकडे, कधी कंत्राटदाराच्या माणसाकडे आणि फार वेळा थेट ग्राहकाकडे. ग्राहकाकडे गेलं की त्या कामाला पगार राहत नाही आणि चूक झाली तर निस्तरायची कोणी, हे कुठे स्पष्ट लिहिलेलं नसतं. तुमच्या नोकरीचं भवितव्य मला याच जागी दिसतं, म्हणून सगळं उत्तर याच धाग्याने देणार आहे.

तुम्हाला वाटणारी भीती नवी नाही. साठच्या दशकात एलआयसीने कलकत्त्यात संगणक बसवायचं ठरवलं तेव्हा कर्मचाऱ्यांनी इमारतीवर पहारा देऊन तो रोखून धरला होता. बँकांमध्ये १९८३ साली कर्मचारी संघटना आणि व्यवस्थापनांची शिखर संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. कोणती यंत्रं, कुठल्या कामाला, किती, हे वाटाघाटीत ठरलं. त्यापायी कोणाला काढायचं नाही हे ठरलं. यंत्रावर बसणाऱ्याला वेगळा भत्ता ठरला. पुढे १९८७ आणि १९९३ साली आणखी करार झाले. त्याच काळात रिझर्व्ह बँकेने चक्रवर्ती रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिच्या १९८४ च्या अहवालानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशीनं यायला लागली. संघटनांना त्या वेळी प्रगतीचे वैरी म्हणून फार हिणवलं गेलं. मला ते पटत नाही. मशीन येण्याआधी टेबलावर बसून अटी ठरवून घेतल्या म्हणूनच ते स्थित्यंतर माणसांना झेपलं. आज एआय आणताना तुमच्या बँकेत असं कोणी बसलंय का, हे आधी विचारा.

माणसं कमी झालीच नाहीत असंही मी म्हणणार नाही. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली आणि सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. आमच्या शाखांमधली कितीतरी जाणती माणसं एका मार्चअखेरीला उठून गेली. त्यांच्या जागा पुढे बऱ्याच काळ भरल्या गेल्या नाहीत. मला सगळ्यात जास्त चटका लागला तो त्यांच्या डोक्यात असलेलं ज्ञान कोणी लिहून घेतलं नाही याचा.

ते ज्ञान म्हणजे काय, हे तुमच्या पिढीला सांगायला हवं, कारण तुम्ही ते पाहिलेलं नाही. ग्राहक चेक द्यायचा, पितळेचं टोकन घेऊन बाकावर बसायचा. चेक लेजरवाल्याकडे यायचा. तो खातं उघडायचा, नाव आणि नंबर जुळवायचा, शिल्लक बघायचा, नोंद करून पुढची शिल्लक काढायचा. मग अधिकारी सही ताडून चेक पास करायचे आणि कॅशियर टोकन नंबर पुकारायचा. दर थोड्या दिवसांनी लेजरांचं बॅलन्सिंग असायचं. प्रत्येक खात्याची शिल्लक उतरवून बेरीज करायची आणि ती जनरल लेजरमधल्या, म्हणजे शाखेच्या मुख्य वहीतल्या, आकड्याशी जुळली पाहिजे. ती पहिल्या झटक्यात क्वचितच जुळायची.

मग फरक शोधायचा. त्याची एक रीत होती. फरकाला ९ ने भाग जातोय का बघायचं. जात असेल तर कुठेतरी आकडे उलटे पडलेत, ५४० च्या जागी ४५० लिहिलं गेलंय. भाग जात नसेल तर फरकाची निम्मी रक्कम घेऊन त्या रकमेची नोंद शोधायची. जमेची नोंद नावे बाजूला, म्हणजे वजावटीच्या बाजूला, पडली की फरक बरोबर दुप्पट दिसतो. आमच्या शाखेत एक हेडक्लार्क होते, ते फरकाचा आकडा नुसता ऐकून कुठल्या लेजरपासून सुरुवात करायची ते सांगायचे. हे बॅलन्सिंग फार कंटाळवाणं काम होतं, त्याचं उदात्तीकरण मला करायचं नाही. पण त्यातून प्रत्येक क्लार्कच्या अंगात एक गोष्ट मुरायची: आकडा जुळला नाही तर घरी जायचं नाही.

आता यंत्राने काय दिलं तेही सांगते, कारण एकच बाजू मांडणं अन्याय होईल. बचत खात्याचं व्याज पूर्वी महिन्याच्या १० तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंतच्या सगळ्यात कमी शिलकीवर मोजलं जायचं. खात्यात महिनाभर २०,००० रुपये आहेत आणि २९ तारखेला घरच्या अडचणीला १८,००० काढले, तर त्या पूर्ण महिन्याचं व्याज फक्त २,००० रुपयांवर. रोजच्या शिलकीवर व्याज काढणं हाताने अशक्य होतं, म्हणून हा नियम होता. कोअर बँकिंग स्थिरावल्यावर रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीवर व्याज द्यायला लावलं. एका खात्यावर ही रक्कम किरकोळ असेल, पण देशातल्या प्रत्येक बचत खातेदाराला ती मिळाली, आणि हे यंत्राशिवाय झालं नसतं. तसंच पैसे पाठवण्याचं. लातूरहून पुण्यात शिकायला आलेल्या मुलाला घरून ड्राफ्ट यायचा. तो काढायला बापाला अर्धा दिवस आणि वर कमिशन, वटायला मुलाला पुन्हा दिवस. २००५ मध्ये एनईएफटी आलं, २०१० मध्ये आयएमपीएस, २०१६ मध्ये यूपीआय. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयच्या एका महिन्यातल्या व्यवहारांच्या संख्येने पहिल्यांदा १,००० कोटींचा आकडा ओलांडला. हे सगळं लोकांच्या भल्याचं झालं, यात मला काडीचीही शंका नाही.

पण आता एका छोट्या कामाचा प्रवास बघा, नाव जुळवण्याच्या.

लेजरच्या काळात कोणाच्या खात्यात पैसे जमा करताना स्लिपेवरचं नाव आणि लेजरवरचं नाव जुळलं नाही तर स्लिप परत जायची. ते क्लार्कचं काम होतं आणि चुकलं तर मेमो त्याला मिळायचा. इलेक्ट्रॉनिक व्यवहार आले तेव्हा हे अडायला लागलं. एकाच माणसाचं नाव एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर. 'लक्ष्मी' रोमन लिपीत लिहायच्या दोन-तीन तऱ्हा. यंत्राला हे सगळे वेगवेगळे लोक वाटत. मग ऑक्टोबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने मोकळीक दिली की येणारी रक्कम केवळ खाते क्रमांकावरून जमा केली तरी चालेल. नंबर बरोबर देण्याची जबाबदारी पैसे पाठवणाऱ्याची. व्यवहार वेगाने व्हावेत यासाठी ते गरजेचं होतं. पण क्लार्कचं काम त्या दिवसापासून ग्राहकाकडे गेलं. ज्याने आयुष्यात कधी खतावणी केली नाही असा माणूस आता दहा-पंधरा आकडी नंबर बारक्या पडद्यावर टाकत होता आणि एक आकडा चुकला की पैसे तिसऱ्याच्याच खात्यात. अशी माणसं शाखेत यायची तेव्हा आमच्याकडे द्यायला उत्तर नसायचं. समोरच्या खातेदाराने संमती दिली तर पैसे परत, नाहीतर कोर्टकचेरी.

यूपीआयमध्ये नंबर टाकताच नाव दिसायला लागलं, तो मोठा दिलासा होता. एनईएफटी आणि मोठ्या रकमांसाठीच्या आरटीजीएसमध्ये मात्र पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं नाव दाखवायची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्या, असं बँकांना सांगावं लागलं. म्हणजे जे काम लेजरवाला दिवसभर विनातक्रार करायचा, ते सुमारे पंधरा वर्षं ग्राहकाच्या माथी राहिलं आणि मग यंत्राकडे आलं. मधल्या काळातला तोटा लोकांनी सोसला. तुमच्या बँकेत एआय येईल तेव्हा हेच विचारायचं आहे: माणूस जे ताडून बघत होता, ते उद्यापासून कोण ताडणार?

हा प्रश्न न विचारल्याने काय होतं, याचं उदाहरण मुंबईतच आहे. पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाऊस शाखेतला घोटाळा २०१८ च्या सुरुवातीला बाहेर आला. तिथून परदेशी बँकांना हमीचे संदेश स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-प्रणालीवरून जात होते आणि त्यांची नोंद कोअर बँकिंगमध्ये होतच नव्हती, कारण दोन्ही प्रणाली एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. वर्षानुवर्षं हे चाललं आणि रक्कम ११,००० कोटींच्या वर गेली. त्यानंतर ३० एप्रिल २०१८ पर्यंत दोन्ही जोडा, असा आदेश निघाला. स्विफ्टवरून आज किती संदेश गेले आणि आपल्या वहीत त्यातले किती आहेत, हे रोज संध्याकाळी ताडून पाहा, असं लेजरच्या जमान्यात कोणत्याही हेडक्लार्कने सांगितलं असतं. सहकारी क्षेत्रातलं २०१९ चं पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचं प्रकरण आठवा. एकाच उद्योगसमूहाची कर्जं लपवायला २१,००० हून अधिक बनावट खाती दाखवली होती. यंत्र तिथेही होतंच. यंत्राला जे दाखवलं तेच ते मोजत बसलं.

म्हणून तुम्हाला माझा पहिला ठोस सल्ला: ताळमेळ शिका. रिकन्सिलिएशन म्हणतो आपण त्याला. तुमच्या शाखेतल्या सस्पेन्स खात्यात, म्हणजे कुठे टाकायच्या ते न ठरलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात, किती जुन्या नोंदी पडून आहेत ते बघा. एटीएमची रोख आणि जनरल लेजरचा आकडा रोज कोण जुळवतं ते बघा. दिवस संपताना प्रणालीतून निघणारा एक्सेप्शन रिपोर्ट, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळ्या नोंदींची यादी, बहुतेक शाखांमध्ये छापून फायलीला लागतो, कोणी वाचत नाही. तुम्ही वाचायला लागा. पहिले काही आठवडे काही कळणार नाही, मग त्यात रोज तीच तीच खाती दिसायला लागतील आणि का दिसतात असा प्रश्न पडेल. हे काम ज्याला येतं त्या माणसाला बँक सहसा सोडत नाही. एआय आलं तरी त्याने काढलेल्या निष्कर्षांचा मूळ नोंदींशी ताळमेळ घालणारं कोणीतरी लागणारच आहे.

एआय बँकेत खरं काय करतंय तेही पाहू, कारण त्याभोवती नुसताच धुरळा उडालाय. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने 'म्यूलहंटर' नावाची प्रणाली तयार केली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिची घोषणा झाली. म्यूल खातं म्हणजे फसवणुकीचा पैसा फिरवायला वापरलेलं दुसऱ्याचं खातं. गरीब पोराला दोन-पाच हजार देऊन त्याचं खातं, एटीएम कार्ड आणि सिम घ्यायचं, असा हा धंदा. अशी खाती हुडकायला एआय उत्तम आहे. लाखो खात्यांमधले व्यवहारांचे आकृतिबंध माणूस बघू शकत नाही, यंत्र बघतं. हे व्हायलाच हवं होतं.

पण खातं पकडल्यावर पुढे काय होतं ते काउंटरवर दिसतं. समजा, एसटी स्टँडजवळचा चहावाला आहे. कोणीतरी त्याला क्यूआरवर ४०० रुपये दिले. ते पैसे चार खात्यांमधून फिरत आलेले होते आणि मूळ फसवणूक दुसऱ्याच राज्यात झालेली. तिथल्या पोलिसांकडे तक्रार गेली, साखळीतल्या प्रत्येक खात्यावर खूण झाली आणि एका सकाळी याचं खातं गोठलं. दूधवाल्याला पैसे जात नाहीत. तो तुमच्यासमोर येऊन उभा राहतो आणि विचारतो, "ताई, मी काय केलं?" त्याला ॲप 'व्यवहार अयशस्वी' एवढंच सांगतं.

इथे माणूस लागतो, आणि जाणता माणूस लागतो. पूर्ण खातं गोठवलंय की फक्त त्या ४०० रुपयांवर रोक लावलीय, हे आधी बघायचं. कितीदा आदेश तेवढ्याच रकमेपुरता असतो आणि शाखा घाबरून सगळं खातं बंद करते. आदेश नीट वाचला तर त्याचे उरलेले पैसे त्याच दिवशी मोकळे होऊ शकतात. मग व्यवहाराचा संदर्भ क्रमांक काढून द्यायचा, तक्रारीचा पोचक्रमांक द्यायचा, कुठल्या पोलीस ठाण्याशी बोलायचं ते सांगायचं, अर्ज कसा लिहायचा ते सांगायचं. हे करायला फार तर अर्धा तास लागतो. तो अर्धा तास दिला नाही तर त्या माणसाचा धंदा महिनाभर बसतो. एआय जितकं पसरेल तितकी अशी माणसं वाढतील, कारण पकडणं स्वस्त झालंय, सोडवणं तितकंच वेळखाऊ राहिलंय. तुमचं पुढचं काम हे आहे, असं मला मनापासून वाटतं.

नियम तोंडपाठ असू द्या. एटीएममधून पैसे आले नाहीत आणि खात्यातून वजा झाले, तर पाच दिवसांच्या आत परत. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. यूपीआयवर दुसऱ्याला पाठवलेले पैसे पोचले नाहीत तर पुढच्या एका दिवसात परत, त्यानंतर तशीच भरपाई. हे २०१९ पासून लागू आहे. खात्यातून परस्पर पैसे गेले आणि दोष बँकेचाही नाही, ग्राहकाचाही नाही, तर बँकेकडून कळल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तक्रार केली की ग्राहकाला काहीही तोटा सोसावा लागू नये, हा नियम २०१७ चा आहे आणि सहकारी बँकांनाही त्याच वर्षी लावला गेला. फसवणूक झाल्यावर पहिला फोन १९३० वर, पैसे पुढे सरकायच्या आत. तुमच्या शाखेत येणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे? आणि खरं सांगा, तुमच्या सहकाऱ्यांपैकी किती जणांना माहीत आहे?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. लोकांना ॲप शिकवणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा, असं मला वाटत नाही. पण शाखाधिकारी सांगतात तसं सरसकट वळवू नका. ज्याला सोयीचं आहे त्याला जरूर शिकवा. दुकानदार, नोकरदार, शिकणारी पोरं, दूध संघाचं बिल बघायला तालुक्याला हेलपाटा मारणारा शेतकरी, यांचा त्यात फायदाच आहे. शिकवताना पैसे कसे पाठवायचे हे शेवटी शिकवा. आधी शिकवा की पैसे घ्यायला कधीही पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. हे एक वाक्य पक्कं बसवलंत तरी गावातल्या निम्म्या फसवणुका थांबतील, असा माझा अंदाज आहे. मग चूक झाली तर तक्रार ॲपमध्ये कुठे करायची ते दाखवा. आणि त्यांचा फोन स्वतःच्या हातात घेऊन काम उरकू नका. दहा वेळा चुकले तरी त्यांच्याच बोटाने करू द्या.

काही माणसांना मात्र काउंटरच लागतं आणि त्यांच्यासाठी तुम्ही भांडलं पाहिजे. बायकांचंच बघा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेचे पैसे यायला लागले तेव्हा महाराष्ट्रभर बँकांपुढे बायकांच्या रांगा होत्या. 'आधार सीडिंग', म्हणजे खातं आधारला जोडणं, हा शब्द त्या महिन्यात घराघरांत पोचला. आधारला शेवटचं जोडलेलं खातं ज्या बँकेत, तिथे सरकारी पैसे जातात, हे कितीजणींना ठाऊक नव्हतं. पैसे आले नाहीत म्हणून रडकुंडीला आलेल्या बाईचे पैसे तिने कधीकाळी उघडून विसरलेल्या दुसऱ्याच बँकेच्या खात्यात जाऊन बसलेले असत. शिवाय आपल्याकडे लग्नानंतर बाईचं मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, कितीतरी घरांत पहिलं नावही बदलतं. माहेरची सुमन सासरी सुनीता होते. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं, आधारवर तिसरं. यंत्र म्हणतं जुळत नाही. बरोबरच म्हणतं बिचारं. त्या दोन नावांची बाई एकच आहे हे गावातल्या शाखेत बसलेल्या तुम्हाला कळतं आणि ते कायदेशीर कागदावर कसं आणायचं हेही तुम्हालाच माहीत असतं.

याहून नाजूक एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. बाईच्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर खूपदा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. पासबुक होतं तेव्हा ती ते डाळीच्या डब्यात ठेवायची. शिल्लक तिला आणि काउंटरवरच्या क्लार्कला, दोघांनाच माहीत. आता पैसे जमा झाल्याचा मेसेज आधी नवऱ्याच्या खिशात वाजतो, ओटीपीही तिथेच जातो. ॲपवर वळवलं म्हणजे ते खातं तिच्या हातून काढून घेतलं, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. म्हणून एखादी बाई 'मला नको ते मोबाइलवर' म्हणाली तर तिला मागासलेली समजू नका. तिला हळूच विचारा की नंबर कोणाचा दिलाय, आणि बदलायचा असेल तर फॉर्म द्या.

बँक मित्राबद्दलही लिहिलं पाहिजे, कारण तुमच्या काउंटरवरून गेलेलं काम बरंचसं त्याच्याकडे गेलंय. गावात किराणा दुकानाच्या कोपऱ्यात अंगठ्याचं छोटं मशीन घेऊन बसलेला तो मुलगा बँकेचा नोकर नाही, त्याला व्यवहारामागे कमिशन. ऊस तोडून, विटा थापून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्यात त्यांचा अंगठा मशीन घेत नाही. एक बोट, मग दुसरं बोट, मग बोट पदराला पुसून पुन्हा. पैसे निघाले नाहीत तर त्या मुलाच्या पदरात काही पडत नाही, गेलेला वेळ त्याचा. ही माणसं आज खेड्यातल्या बँकिंगचा कणा आहेत आणि त्यांना ना नोकरीची हमी, ना पेन्शन. १९८३ च्या करारात यंत्रावर बसणाऱ्याला भत्ता होता. आजच्या यंत्रावर बसणाऱ्यासाठी तसं कोणी टेबलावर बसलेलं नाही, याची मला फार खंत वाटते. तुमच्या बँकेत संघटना असेल तर या मुलांचा विषय तिच्यापुढे मांडा.

सहकारी बँक म्हणून तुम्हाला आणखी एक सांगायचं आहे. लहान बँका स्वतःची प्रणाली चालवत नाहीत, बाहेरच्या कंपनीकडून सेवा घेतात. जुलै २०२४ च्या अखेरीस अशाच एका मोठ्या सेवा पुरवठादार कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे यंत्रणा अडवून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला. तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ३०० लहान बँकांची यूपीआय आणि एटीएम सेवा त्यामुळे तात्पुरती तोडावी लागली. एक-दोन दिवसांत सुरळीत झालं, पण त्या वेळात शाखेत आलेल्या माणसाला पैसे देता येणं महत्त्वाचं होतं. तुमच्या शाखेत असं झालं तर हाताने व्हाउचर करून, रजिस्टरला नोंद घेऊन रोख देता येईल असं कोणी आहे का? कालच्या तारखेची शिल्लक यादी कुठे काढून ठेवलेली असते? ही चौकशी या आठवड्यातच करा. शाखाधिकाऱ्यांनाही ती आवडेल, कारण तपासणीत हे विचारलं जातं.

राहिला कोर्स. कर्ज काढून करू नका. असल्या क्लासांमध्ये जी साधनं शिकवतात ती वर्षभरात बदलतात आणि बँकेच्या कामाशी त्यांचा संबंध थोडाच असतो. एक्सेल चांगलं शिका, पिव्होट आणि लुकअपपर्यंत. दोन याद्या समोरासमोर ठेवून कुठल्या नोंदी जुळत नाहीत ते काढता आलं पाहिजे. जमल्यास डेटाबेसला साधा प्रश्न विचारण्यापुरतं एसक्यूएल, म्हणजे त्यासाठीची संगणकाची भाषा, शिका, त्याचे धडे फुकट मिळतात. आणि बँक कर्मचाऱ्यांसाठी असलेली जेएआयआयबीची परीक्षा द्या. मुंबईची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स ती घेते. तुमची बँक त्यांची सभासद आहे का ते आधी विचारून घ्या. चार पेपर आहेत. त्यातला अकाउंटिंगचा पेपर आधी हाती घ्या, लोक त्यालाच घाबरतात आणि ताळमेळाचं काम करायला तोच सगळ्यात उपयोगी पडतो. फी परत मिळते का, पास झाल्यावर पगारवाढ आहे का, हे मुख्य कार्यालयाला लेखी विचारा. नसेल तर ती मिळावी असा अर्ज शाखेतल्या दोघा-तिघांनी मिळून करा. एकट्याच्या अर्जापेक्षा तो लवकर वाचला जातो.